दहा किलो चटणी आणि एक भिंत

गेल्या भाऊबीजेला कुंडलला आमच्या घरी माझा भाऊ आला होता. मी त्याला काका म्हणते, तो मला दादा म्हणतो. तो टांझानियाचा, नाव जुमा, काम हत्तींपासून पिकं राखण्याचं. ही सगळी माहिती मी माझ्या थोरल्या जाऊबाईंना, म्हणजे वत्सलाआक्कांना, त्याचं विमानाचं तिकीट निघाल्यापासून रोज एकदा सांगत होते आणि त्या रोज नव्याने गोंधळात पडत होत्या.

"थांब गं शालन. भावाला काका?"

"त्यांच्या भाषेत काका म्हंजे भाऊ, आक्का."

"आन् भणीला दादा?"

"व्हय."

"मग काकाला काय म्हंत्यात? मावशी?"

शेवटी आक्कांनी आपल्यापुरता निकाल लावला. नातं कुठल्या का नावाचं असेना, पाटावर कोण बसणार आणि ओवाळणार कोण एवढं ठरलं की त्यांचं काम भागत होतं.

या अंकासाठी संपादकांनी माझ्याकडे कथा मागितली तेव्हा मी त्यांना खरं ते सांगून टाकलं. गेल्या अकरा वर्षांत मी एकच कथा लिहिली. ती एका पानाची आहे, स्वाहिली भाषेत आहे आणि एका सरकारी फायलीत पडून होती. संपादक म्हणाले, मग त्या कथेचीच गोष्ट लिहा. म्हणून लिहिते आहे.

मी एके काळी लेखिका होते. माझे दोन कथासंग्रह निघाले होते. एकाला पुरस्कारही मिळाला. त्यातली शाल अजून चांगली आहे. माझ्या कथेला मातीचा वास आहे, असं समीक्षक लिहायचे. पुढे माझ्या हातांना कायमचा शेणाचा वास येणार आहे, हे त्यांना आणि मला दोघांनाही माहीत नव्हतं.

माझे यजमान साखर कारखान्यात केमिस्ट. जिथे ऊस तिथे आमच्या भागातली माणसं पोचतातच. कराडचा इंजिनिअर, पलूसचा फिटर, इस्लामपूरचा पॅनमन असे सगळे आफ्रिकेतल्या कारखान्यांत भेटतात आणि पहिल्याच भेटीत एकमेकांना रिकव्हरी, म्हणजे साखरेचा उतारा, विचारतात. यजमानांना टांझानियातल्या एका कारखान्याचं बोलावणं आलं तेव्हा मी मनात म्हटलं, झकास. घरकाम कमी, पाव्हणेरावळे नाहीत, निवांत बसून कादंबरी लिहू. कृष्णाकाठावरची तीन पिढ्यांची कादंबरी होती ती. दोनशेबारा पानं हाताने लिहून झाली होती.

आम्हाला मिळालेलं घर उसाच्या कडेला, शेवटचं. मागच्या पडवीत मी पोत्यात पेंढा घालून केळी पिकत घातली होती आणि पोत्यावर ओझं म्हणून कादंबरीचे गठ्ठे ठेवले होते. एका संध्याकाळी कारखान्यातल्या सत्यनारायणाचा प्रसाद घेऊन आम्ही परत आलो, तर पडवीचं दार पडवीत नव्हतं. केळी नव्हती, पोतं नव्हतं, आणि कृष्णाकाठच्या तीन पिढ्या उसाच्या सऱ्यांमधून विखुरल्या होत्या. काही पानांवर पाय पडले होते. एक एक पाऊल परातीएवढं. माझ्या लिखाणावर इतकी वजनदार प्रतिक्रिया आधी कुणी दिली नव्हती.

मी पडवीच्या पायरीवर बसून रडत होते. यजमान माझ्यामागे उभे राहून, विमा उतरवता आला असता का, याचा विचार करत होते. एवढ्यात उसातून एक उंच, सडपातळ माणूस आला. हातात काठी, आणि काखेत माझी पानं, नीट एकावर एक लावलेली. ती पुढे करत तो हळू आवाजात म्हणाला, "पोले, दादा."

पोले म्हणजे वाईट वाटलं, एवढं मला माहीत होतं. दादा म्हणजे अर्थातच यजमान, असं मी धरून चालले. आमच्याकडे दादा म्हटलं की गळ्यात साखळी आणि जीपला मोठा हॉर्न असलेला माणूस डोळ्यांपुढे येतो. मग मला कोण कशाला दादा म्हणेल? मी डोळे पुसून, आपल्या रीतीप्रमाणे परक्या माणसाला मान देत म्हटलं, "या काका, बसा."

त्या माणसाचा चेहरा एकदम उजळला. या परदेशी बाईने पहिल्याच वाक्यात त्याला भाऊ मानलं होतं, आणि त्याने आधीच तिला बहीण म्हटलं होतं. आमचं भाऊबहिणीचं नातं असं दोन भाषांच्या गैरसमजातून जुळलं. कळलं तेव्हा महिना उलटून गेला होता आणि मोडण्यात काही अर्थ उरला नव्हता.

जुमा शेजारच्या गावाचा राखणदार. कुठला हत्ती कुठून येतो, कुणाच्या शेतावर त्याचा डोळा आहे, हे त्याला पाठ होतं. माझी कादंबरी तुडवणारा हत्ती त्याने पावलांवरून ओळखला. उजवा कान फाटलेला, एक सुळा मोडलेला, एकटाच फिरणारा नर. मी विचारलं, त्याला नाव काय? जुमा म्हणाला, नाव नाही. मग नाव मी ठेवलं. न बोलावता येतात, पोटभर जेवतात आणि जाताना काहीतरी मोडून जातात, अशांना आमच्याकडे एकच नाव आहे: पावणं. जुमाला तो शब्द फार आवडला. आठवड्याभरात सगळं गाव त्या एकट्याला अहोजाहो करत म्हणू लागलं, "पावणं आले, पावणं."

आता थोडं धंद्याविषयी. हत्तीला कुंपण अडवत नाही. ढोल वाजवले तर चार दिवस बिचकतो, पाचव्या दिवशी ढोलाच्या तालावर मका खातो. त्याची नजर बेताची, पण नाक फार तल्लख. म्हणून त्याच्याशी भांडायचं तर नाकाशी भांडायचं. शेणात कुटलेली मिरची कालवायची, विटा पाडून वाळवायच्या आणि वाऱ्याच्या बाजूने शेताच्या कडेला धुमसत ठेवायच्या. तिखट धुराची सवय हत्तीला होत नाही. तो लांबूनच वास घेतो, कान हलवतो आणि दुसरीकडे वळतो. त्याला इजा नाही, शेतकऱ्याला नुकसान नाही. मात्र वारा फिरला तर शेतकरीच डोळे चोळत पळतो.

हे काम तिथे एक छोटी संस्था करत होती. जुमा मला ते बघायला घेऊन गेला. चार शिकली-सवरलेली माणसं हत्तीच्या शेणाच्या विटा लाकडी साच्यातून काढत होती आणि प्रत्येक वीट काढता काढता फुटत होती. हत्तीच्या शेणात नुसता काडीकचरा, चिकटपणा नाही. मी अर्धा तास गप्प बसून पाहिलं. लेखिकेने निरीक्षण करावं, मध्ये पडू नये, असं माझं मत होतं. पण सातवी वीट फुटली तेव्हा माझ्यातली लेखिका मागे राहिली आणि कुंडलची सून पुढे झाली. मी ओढणी कमरेला खोचली, गाईचं शेण मागवलं, दोन्ही शेणं पायांनी तुडवली आणि चांगल्या हातभर रुंद, जाडजूड शेणी थापून दाखवल्या. एका बाजूने वाळल्या की उलटायच्या, मग दोन-दोन टेकवून उभ्या करायच्या. कुठली बाई हे करत नाही? पण त्या चौघांनी वहीत लिहून घेतलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला संस्थेत ये म्हणून विचारलं. वन्यजीव संरक्षणातला माझा प्रवेश हा असा शेणाच्या बळावर झाला. यजमानांनी गावाकडे फोन करून सांगितलं, की शालनला परदेशात नोकरी लागली. कसली, हे सांगताना त्यांची रेंज गेली.

पुढची काही वर्षं मी शेणी थापत, शिकवत गावोगाव हिंडले. स्वाहिली शिकले, अहवाल लिहायला लागले. कादंबरीचं पुन्हा नाव काढलं नाही. उरलेली चाळीस पानं ट्रंकेत तशीच आहेत. त्याचं वाईट वाटतं का, असं लोक विचारतात. वाटतं. पण रोज नाही.

तर ती एका पानाची कथा लिहिली ते वर्ष. मका गुडघ्याला लागला तेव्हापासून पावण्यांचं येणं वाढलं होतं. दोन घरांच्या भिंती ढकलून त्यांनी आतलं धान्य खाल्लं. मग वनखात्याचे साहेब आले. शांत, जाड चष्म्याचे गृहस्थ. झाडाखाली गाव जमवून ते म्हणाले, "माणूस मरायची वाट मी बघू शकत नाही. आणखी एक घर पडलं, तर हा हत्ती मारावा लागेल."

गावातले बरेचजण मान डोलवत होते. त्यांचं चुकत नव्हतं, त्यांच्या भिंती पडल्या होत्या. जुमा उठून उभा राहिला. "मका घरात येईपर्यंत मला मुदत द्या," तो म्हणाला. "तोपर्यंत घराला काही झालं, तर मी स्वतः तुम्हाला त्याची वाट दाखवीन."

साहेबांनी मुदत दिली. घरी येताना मी त्याच्यावर चिडले. कशाच्या जोरावर असा शब्द दिलास?  तो ओढ्याशी थांबला आणि त्याने सांगितलं. त्याची थोरली बहीण याच ओढ्यावर पाणी भरताना हत्तीच्या पायाखाली गेली होती. हत्ती मारायला माणसं आली तेव्हा कळपाकडे बोट दाखवून "तो" असं सांगणारा जुमाच होता. त्याने दाखवलेला हत्ती त्यांनी मारला. नंतर कळलं, ती हत्तीण होती आणि बहिणीला तुडवणारी ती नव्हतीच. तिचं पिल्लू चार दिवस तिच्याभोवती फिरत होतं.

"त्यानंतर मी कुणालाच दादा म्हटलं नव्हतं," जुमा म्हणाला. "तू पायरीवर बसून रडत होतीस, तेव्हा तोंडातून निघून गेलं."

 मी नुसता त्याचा हात धरला. पावणं वाचले पाहिजेत हे आता माझंही काम झालं होतं.

आणि नेमकी मिरची संपली. त्या साली अवेळी पावसाने तिथली मिरची झाडावरच कुजली. पंधरा दिवस पुरेल एवढीही मिळेना. मी थेट कुंडलला फोन लावला.

"आक्का, धा किलो चटणी पाठवा. लय तिखट पायजे."

"धा किलो? आगं, तिकडं कुणाचं लगीन काडलंस?"

"हत्तीसाठनं पायजे, आक्का."

"हत्ती चटणी खातोय?"

"खात न्हाई. वास घेतोय."

आक्का म्हणाल्या, "बरं गं. घे म्हणावं."

आमच्या भागाबाहेरच्या वाचकांसाठी सांगते. सातारा-सांगलीकडे चटणी म्हणजे पानात डाव्या बाजूला वाढतात ती नव्हे. चटणी म्हणजे वर्षाचं तिखट. डंकावर कुटून आणायचं आणि बरणीत दाबून भरायचं. नुसती मिरची कुटली तरी ती चटणी, आणि तिच्यात कांदा, लसूण, खोबरं, तीळ, धने भाजून घातले तरी चटणीच. मला नुसती मिरची हवी होती. मी मिरची म्हणायला हवं होतं. पण इतकी वर्षं परदेशात काढूनही घाईच्या वेळी तोंडात घरचाच शब्द आला.

चटणी आणली कारखान्यातल्या इंजिनिअर शिंद्यांनी. ते रजेवर कराडला गेले होते. विमानतळावर त्यांची बॅग उघडली गेली आणि तपासणाऱ्या माणसाला शिंका सुरू झाल्या. हे काय आहे, असं त्याने विचारलं. शिंदे घाबरून म्हणाले, औषध. कशावर? हत्तीवर. शिंद्यांना दोन तास बसवून ठेवलं होतं. ते अजून माझ्याशी जरा जपून बोलतात.

मी पिशवी उघडली. भाजलेल्या लसणाचा, खोबऱ्याचा, तिळाचा असा घमघमाट सुटला, की मी क्षणात कुंडलच्या स्वयंपाकघरात होते. चूक लक्षात आली होती. फोन केला तर आक्का म्हणाल्या, "आगं, परमुलखात ऱ्हाणाऱ्या जावंला मी मोकळी मिरची धाडू व्हय? लोक काय म्हंत्याल? लवंगी घातलीया चांगली, भिऊ नगंस."

त्याच वेळी मी जुमाला सांगायला हवं होतं की, हे आपलं औषध नव्हे, यात अर्धा स्वयंपाक आहे. मी सांगितलं नाही. मिरची दुसरी नव्हतीच, आणि खरं सांगायचं तर, आक्कांची चटणी कुठे कमी पडेल हे मानायला मन तयार नव्हतं. तिखट आहे ना, मग झालं. शेणात कालवली, शेणी थापल्या, वाळवल्या. थापताना बायका बोटं चाटत होत्या, तेव्हा तरी मला समजायला हवं होतं. अर्थात चाटायच्या त्या पिशवीतली, शेणातली नव्हे.

संध्याकाळी, दिवस मावळायच्या जरा आधी, आम्ही मक्याच्या कडेने शेणी पेटवल्या. धूर निघाला. मी तोंडाला फडकं बांधून उभी होते. नेहमी या वेळी गावात दारं-खिडक्या बंद होतात. त्या दिवशी दारं उघडायला लागली. आधी म्हाताऱ्या आल्या, मग बाया, मग हातात ताटली घेतलेले एक आजोबा. "काय शिजतंय?" जुमाची बायकोही चुलीवरचा मका तसाच टाकून आली. सगळं गाव शेताच्या कडेला नाक वर करून उभं राहिलं. आक्कांना तो देखावा दाखवायला हवा होता.

आणि समोरच्या झाडीतून पावणं आले. त्यांचंही नाक वर होतं. एरवी ते लांबूनच वळतात. त्या दिवशी वळले नाहीत. लसूण, खोबरं, तीळ. असा वास त्यांच्या आयुष्यात पहिल्यांदाच आला असावा. एक एक पाऊल टाकत ते जवळ आले, अगदी शेणीच्या वर सोंड नेली आणि छातीभर श्वास घेतला.

मग लवंगी लागली.

हत्तीची शिंक मी तेव्हा पहिल्यांदा ऐकली. पुन्हा ऐकायची इच्छा नाही. पावणं गरकन वळले, पण डोळे मिटलेले, दिशा चुकलेली. जंगलाकडे न जाता गावाकडे धावले. लोक पांगले, कुणी पडलं, ताटली कुठेतरी वाजत गेली. पावण्यांचं अंग जुमाच्या स्वयंपाकघराच्या भिंतीवर आपटलं. भिंत बसली, आणि विटांचा ढीग चुलीवर पडला. पावणं तसेच पुढे पळत झाडीत नाहीसे झाले.

चुलीशी रोज या वेळी जुमाची बायको असते. त्या दिवशी ती माझ्याशेजारी उभी होती, चटणीच्या वासाने ओढून आणलेली.  ज्या चुकीने हत्ती गावात आणला, त्याच चुकीने ही बाई चुलीपासून उठवली होती. या दोन गोष्टींचा हिशोब मला आजही जमत नाही.

पण घर पडलं होतं. शब्द दिलेला होता. आणि यात पावण्यांचा काडीचा दोष नव्हता. दोष माझा होता.

सकाळी साहेब आले तेव्हा जुमाचं अंगण कधी नव्हे इतकं स्वच्छ झाडलेलं होतं. पावलाचा एक ठसा शिल्लक नव्हता. कुणी झाडलं, मी विचारलं नाही. ज्यांच्या भिंती आधी पडल्या होत्या, त्या घरांतल्या बायांच्या हातात केरसुण्या दिसल्या एवढं खरं.

साहेबांनी पडलेल्या भिंतीकडे पाहिलं. "जुमा, हे काय?"

"भिंत जुनी झाली होती, साहेब," जुमा म्हणाला. "मीच पाडली. नवी बांधणार आहे."

साहेबांनी गावाकडे पाहिलं. गावाने जुमाकडे पाहिलं आणि मान डोलावली. साहेब म्हणाले, "असं असेल तर लेखी पाहिजे." आणि कागद माझ्यासमोर धरला, कारण अहवाल नेहमी मीच लिहायचे.

खोटं लिहिणं हाच माझा मूळ धंदा होता. पण त्यात कुणाची सही घेत नसे. मी जुमाकडे पाहिलं. तो फक्त "दादा" म्हणाला.

मी लिहायला बसले. इतक्या वर्षांनी हात कसा मोकळा चालला म्हणून सांगू! कागदावर जुमाने आतल्या बाजूने पहारीने भिंत पाडायला घेतली. पहारीचा पहिला घाव चुकला. बायको ओरडली, की आधी चुलीवरचा मका तरी उतरवू द्या. त्याने ऐकलं नाही. विटा चुलीवर कोसळल्या आणि धुरळ्याने दोघं शिंकत बसली. शिंकांचं तर मी फार सुंदर वर्णन केलं होतं. खाली जुमाने सही केली, साक्षीदार म्हणून मी केली. साहेबांनी दोनदा वाचलं. मग चष्मा वर करून भिंतीकडे बराच वेळ पाहिलं. "छान लिहिता," एवढंच म्हणाले आणि कागद घडी करून घेऊन गेले.

त्यांना काही कळलं नाही, अशी माझी समजूत होती. या समजुतीवर मी काही वर्षं खूश होते. अडाणी गुन्हेगाराला असतो तसला एक छुपा अभिमान.

मका पंधरा दिवसांत घरात आला. भिंत आम्ही सगळ्यांनी मिळून बांधली. विटा मी वाहिल्या. जुमाची बायको म्हणाली, "तुम्ही दोघं बहीणभाऊ हत्ती वाचवता. माझी चूल कोण वाचवणार?" तिच्या बोलण्यात राग होता आणि तो बरोबर होता. हत्ती वाचवणाऱ्यांच्या गोष्टी सांगताना त्या चुलीचा उल्लेख राहून जातो.

यजमान निवृत्त झाल्यावर आम्ही परत आलो. मी समजले, सुटले. पण पाटणकडच्या शेतकऱ्यांना कुठूनसं कळलं, की कुंडलला एक बाई आफ्रिकेतनं हत्ती हाकलायला शिकून आलीय. पाटणला हत्ती नाहीत, पण गवे आहेत. भातात शिरले की सकाळी शेतात नुसता चिखल. एका निवृत्त सुभेदारांचा फोन आला, "म्याडम, गव्यावर काय तरी ॲक्शन घ्या." मी शेणी घेऊन गेले, या वेळी नुसत्या मिरचीच्या. वारा फिरला. गवा जागेवर उभा राहून रवंथ करत होता आणि सुभेदार खोकत खोकत बांध ओलांडून पळाले. "लढाईत बी म्या कवा मागं सरलो न्हवतो," ते डोळे पुसत म्हणाले, "ह्या बाईनं सरवलं." मी घरी येऊन जुमाला फोन केला. म्हटलं, काका, मला शेणी येतात, वारा अजून येत नाही. तू ये.

म्हणून तो आला. पाटणला पंधरा दिवस राहिला. मूठभर माती सोडून वारा कसा बघायचा, पाळीपाळीने राखण कशी करायची, हे त्याने सुभेदारांना दाखवलं. सुभेदार हिंदी बोलायचे, जुमा स्वाहिली, आणि दोघांचं उत्तम जमायचं. गवे सगळे थांबले असं मी म्हणणार नाही. सुभेदार मात्र आता आधी माती सोडून बघतात आणि मग पेटवतात.

भाऊबीजेला आम्ही कुंडलला आलो. आक्कांनी पाट मांडला, रांगोळी काढली, जुमाला यजमानांचा फेटा बांधला. मी ओवाळलं. ओवाळणी काय घालायची, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. पण आपल्या मनाने त्याने काहीतरी आणलं होतं. खिशातून घडी केलेला एक जुना कागद काढून त्याने माझ्या ताटात ठेवला.

मी उघडला. माझंच अक्षर. पहार, मका, शिंका, दोघांच्या सह्या. साहेब निवृत्त झाले तेव्हा त्यांनी तो स्वतः जुमाच्या घरी आणून दिला होता. "तुझ्या बहिणीला दे," असं म्हणून. कागदाच्या मागे पेन्सिलने, बारीक अक्षरात, त्यांनी एकच ओळ लिहिली होती. तारीख त्याच दिवसाची.

ती ओळ वाचताना माझ्या डोळ्यांत पाणी यायला लागलं आणि हसूही आवरेना. आक्का घाबरल्या. "काय लिवलंय गं?"

मी आधी पुढचं पान त्यांना मराठीत वाचून दाखवलं. जुमाने आतून भिंत कशी पाडली, विटा चुलीवर कशा कोसळल्या, सगळं. आक्कांनी हनुवटीला हात लावून ऐकलं आणि माझ्या तोंडून शेवटचं वाक्य संपायच्या आत म्हणाल्या, "आगं शालन, आतनं पहार घातल्यावर इटा भायेर पडत्यात. चुलीवर कशा पडतील? एवढं बी कळलं न्हाई व्हय तुला? कसली गं तू लेखिका?"

मी कागद उलटा केला आणि साहेबांची ओळ वाचली:

"विटा आत पडल्या आहेत. मी पाहिलं नाही."